किकीचं गाणं बदललं कसं, आणि बोका गप्प का झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या मामांनी २००३-०४ च्या सुमारास अमेरिकेहून ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ची डीव्हीडी आणली होती. त्यात किकी झाडूवर बसून घरून निघते तेव्हा एक इंग्रजी गाणं लागायचं आणि शेवटी तिचा काळा बोका जीजी पुन्हा बोलायचा. आता लेकीसाठी नवी डिस्क मागवली, तर इंग्रजी आवाज लावूनसुद्धा ते गाणं जपानी येतं आणि बोका नुसता म्याव करतो. मग आठवण चुकतेय, की डिस्क बनावट आहे? खरी आवृत्ती कुठली? जुनी डिस्क देऊन टाकू का? शिवाय लहानपणी व्हीसीडीवर पाहिलेल्या इतर कार्टून चित्रपटांची गाणीही आता ऐकताना ‘सूर उतरल्यासारखी’ वाटतात, तोही बदलच का?

आठवण बरोबर आहे, आणि तुम्ही सांगताय त्यावरून नवी डिस्कही अस्सल वाटते. जुनी मात्र कुणालाही देऊ नका. कारण सांगायला थोडं सविस्तर लिहावं लागेल. मी वीस वर्षांहून जास्त काळ मुंबईत डबिंगचं साउंड मिक्सिंग करते, आणि हा प्रश्न ओळखीचे लोक मला वेगवेगळ्या चित्रपटांबद्दल विचारत असतात.

आपण ‘नवी डिस्क’ म्हणतो तेव्हा मनात येतं ते चित्र: जास्त स्वच्छ, जास्त रंगीत. आवाज चित्राला शिवलेलाच आहे असं आपण गृहीत धरतो. तसं नसतं. परदेशी चित्रपट आमच्याकडे डबिंगला येतो तेव्हा आवाज दोन तऱ्हांनी येतो. एक असतो मूळ भाषेतला पूर्ण मिक्स, तो आम्ही ऐकून संदर्भ घेण्यापुरता वापरतो. दुसरा असतो एम अँड ई, म्हणजे संवाद वजा करून उरलेलं संगीत आणि इफेक्ट्स: पावलं, दारं, पाऊस, वारा, पार्श्वसंगीत. आमचे कलाकार हिंदीत किंवा मराठीत बोलतात आणि ते बोलणं आम्ही या एम अँड ईवर बसवतो. नशीब चांगलं असेल तर संगीत आणि इफेक्ट्सही सुटे मिळतात. म्हणजे एकच चित्र, आणि त्याखाली हवे तेव्हा काढता-घालता येणारे आवाजाचे थर.

अ‍ॅनिमेशनमध्ये ही फारकत पूर्ण असते. माणसांना घेऊन शूट केलेल्या चित्रपटात सेटवरचा थोडाफार आवाज संवादाला चिकटून येतो. मागे बँड वाजत असेल तर तो काढता काढता जीव जातो. अ‍ॅनिमेशनमध्ये सेटच नाही. किकीच्या झाडूची सळसळही कुणीतरी स्टुडिओत बसून केलेली आहे. त्यामुळे एका थरातलं संगीत उचलून दुसरं ठेवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं असतं, आणि म्हणूनच ते इतक्या वेळा झालं आहे.

‘किकी’ १९८९ चा, जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा. सुरुवातीचं गाणं आणि शेवटचं गाणं दोन्ही गायिका युमी मात्सुतोया यांची आहेत, आणि तीही चित्रपटासाठी लिहिलेली नाहीत. युमी अराई या नावानं त्या गात होत्या तेव्हाची, १९७५ आणि १९७४ सालची. जपानी प्रेक्षकाला ती ऐकताना पंधरा वर्षांपूर्वीचा रेडिओ आठवत असणार, आणि प्रसंगही तसाच रचला आहे. किकीनं वडिलांचा छोटा रेडिओ झाडूला अडकवला आहे. उडताना हात मोकळा नाही म्हणून ती जीजीला रेडिओ लावायला सांगते. गाणं लागतं ते त्या रेडिओतून. ते वरून टाकलेलं शीर्षकगीत नाही, किकीच्या जगात वाजणारं गाणं आहे. मग वाटेत दुसरी एक चेटकीण भेटते, वयानं थोडी मोठी, जरा तोऱ्यातली, आणि म्हणते की तो रेडिओ बंद कर, मला शांतपणे उडायला आवडतं. किकी रेडिओ बंद करते आणि गाणं थांबतं. हा प्रसंग मी मिक्सिंग शिकायला येणाऱ्या मुलांना आवर्जून दाखवते. गाणं कुठून येतं, कोण ऐकतं, कोण थांबवतं, हे सगळं पटकथेतच आहे.

डिस्नीनं १९९६ मध्ये मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओच्या चित्रपटांच्या वितरणाचा करार केला. त्यात चित्राला कात्री लावायची नाही अशी अट होती. पण आवाजात भर घालणं म्हणजे चित्र कापणं नव्हे. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत त्या दोन गाण्यांच्या जागी सिडनी फॉरेस्ट यांची दोन नवी इंग्रजी गाणी आली. मूळ संगीतकार जो हिसाइशींच्या संगीतात पॉल चिहारा यांनी जादा संगीत घातलं, शांत जागांमध्ये इफेक्ट्स वाढवले. जीजीला आवाज दिला फिल हार्टमन यांनी, आणि जिथे बोक्याचं तोंड दिसत नाही तिथे त्यांच्या तोंडी बरीच वाक्यं घातली गेली. शेवटी जीजी किकीच्या खांद्यावर येतो तिथेही एक वाक्य घातलं, म्हणजे बोका पुन्हा बोलू लागला असं वाटावं. मूळ चित्रपटात तो बोलत नाही. किकी मोठी झाली, तिला त्याचं बोलणं आता ऐकू येत नाही, आणि तरीही तो तिच्याजवळ आला आहे, एवढंच तिथे आहे. त्या एका वाक्यानं शेवटाचा अर्थ फिरतो. संगीताच्या बदलापेक्षा हा बदल मला मोठा वाटतो.

२०१० मध्ये अमेरिकेत डीव्हीडी नव्यानं निघाली तेव्हा यातलं बरंचसं काढलं. युमींची गाणी परत आली, घातलेलं संगीत गेलं, जीजीची पुष्कळशी जादा वाक्यं गेली, शेवटचंही. इंग्रजी कलाकार तेच राहिले. म्हणून तुम्हाला आवाज ओळखीचे वाटतात आणि चित्रपट मात्र अनोळखी.

आता एक प्रयोग करून बघा. मामांची जुनी डिस्क लावा, भाषा जपानी करा आणि किकी निघते तो प्रसंग पाहा. त्याच डिस्कवर, त्याच चित्रावर युमींचं गाणं ऐकू येईल. २००३ च्या त्या डीव्हीडीत जपानी ट्रॅकवर मूळ संगीत आहे आणि इंग्रजी ट्रॅकवर १९९८ चं. तेव्हा ‘जुनी डिस्क की नवी डिस्क’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘कुठल्या डिस्कवरचा कुठला ट्रॅक’ असा विचारला पाहिजे.

याच करारातला दुसरा चित्रपट ‘कॅसल इन द स्काय’, १९८६ चा. इथे गोष्ट वेगळी झाली आणि माझं मतही वेगळं आहे. इथे जादा संगीत दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. खुद्द हिसाइशींनीच, अमेरिकन प्रेक्षकाला संगीत जास्त लागतं म्हणून, आपलं मूळ संगीत पूर्ण वाद्यवृंदासाठी नव्यानं लिहिलं आणि सुमारे दीडपट वाढवलं. मूळ चित्रपट दोन तासांचा, पण त्यात संगीत साधारण तासाभराचंच. वाढवलेलं सुमारे दीड तासाचं. सुरुवातीचा विमानावरचा हल्ला घ्या. मूळ ट्रॅकवर तिथे बराच वेळ इंजिनांची घरघर आणि धावपळ एवढंच आहे. काय घडतंय ते कळायच्या आत ती मुलगी खाली पडते, आणि मग संगीत येतं. नव्या ट्रॅकवर हल्ल्यापासूनच वाद्यवृंद सुरू होतो. मला पहिलं जास्त भावतं, कारण संगीत आलं की प्रेक्षकाला कुणीतरी सांगतं की घाबर. ते न सांगता जे घाबरवतं त्याची धार वेगळी. पण दुसरंही त्याच संगीतकाराचं, मन लावून केलेलं काम आहे आणि ऐकायला श्रीमंत आहे. २०१० नंतरच्या डिस्नीच्या डिस्कवर ते गायब झालं तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. २०१७ मध्ये जीकिड्स या अमेरिकन वितरकांच्या डिस्कवर इंग्रजी ट्रॅकला ते परत मिळालं. म्हणजे इथे क्रम असा: २००३ ला आलं, २०१० ला गेलं, २०१७ ला आलं. ‘नवीन ते जास्त पूर्ण’ हा हिशेब आवाजाला लागू पडत नाही.

असे बदल दर वेळी एकाच कारणानं होत नाहीत. किकीत शांततेची भीती होती. ‘अलादिन’मध्ये शब्द बोचले. १९९२ च्या चित्रपटात सुरुवातीच्या गाण्यात, चेहरा आवडला नाही तर कान कापतात अशा देशाचं वर्णन होतं. अरब-अमेरिकन संघटनेनं आक्षेप घेतला आणि १९९३ मध्ये व्हिडिओ कॅसेट येण्याआधी ते शब्द बदलून सपाट भूमी आणि कडक ऊन आलं. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन १९९१ मध्येच गेले होते. बदललेले शब्दही त्यांनीच आधी लिहून ठेवलेल्या पर्यायातले होते. अशी एखाददुसरी ओळ बदलणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम. अख्खं गाणं बदललं तर कान नव्या गाण्याला सरावतो. दोन ओळी बदलल्या तर आवाजाचा पोत आणि खोलीची गुंज आजूबाजूच्या ओळींशी जुळावी लागते, आणि जुळली नाही तर लहान मूलसुद्धा मान वर करून बघतं. तुमच्याकडे ‘अलादिन’ असेल तर हेडफोन लावून ती ओळ ऐका.

कधी कारण निव्वळ हक्कांचं असतं. गाणं चित्रपटगृहात वाजवायचा हक्क घेतला आणि घरच्या कॅसेटचा विचारच केला नाही, असं १९८० च्या आधी-मागे पुष्कळदा झालं, कारण तेव्हा घरचा बाजार नुकता उभा राहत होता. ‘हेवी मेटल’ हा १९८१ चा प्रौढांसाठीचा अ‍ॅनिमेशनपट रॉक गाण्यांनी भरलेला. गाण्यांच्या हक्कांत तो असा अडकला की अधिकृत कॅसेट यायला १९९६ उजाडलं. तिथे गाणी बदलली नाहीत, पंधरा वर्षं थांबले. एमटीव्हीच्या ‘डारिया’ या मालिकेच्या २०१० च्या डीव्हीडीत उलट झालं. प्रसारणाच्या वेळची जवळजवळ सगळी गाणी काढून दुसरं संगीत भरलं. आणि ‘लायन किंग’च्या २००३ च्या डीव्हीडीत तर काहीच अडचण नसताना एक नवं गाणं घातलं गेलं, झाझू सकाळची खबरबात देतो त्या जागी. २०११ च्या ब्लू-रेमध्ये ते मुख्य चित्रपटातून काढलं.

मात्र ‘फँटेशिया’ची गोष्ट थोडी थांबून सांगते, कारण तिथे संगीत हाच चित्रपट आहे. १९४० मध्ये वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्कींनी, बहुतांशी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत, वाजवलेल्या संगीतावर चित्रं काढली गेली. म्हणजे प्रत्येक उडी, प्रत्येक थेंब त्यांच्या लयीला बांधलेला. मूळ ध्वनिमुद्रण झिजत चाललं होतं. १९५५ मध्ये ते चुंबकीय फितीवर उतरवलं तेव्हा एका जागच्या यंत्रावर वाजवून टेलिफोनच्या तारांवरून दुसऱ्या जागी मुद्रित करावं लागलं, आणि त्यात वरच्या पट्टीतली बारीक चमक हरवली. १९८२ मध्ये डिस्नीनं संपूर्ण संगीत अर्विन कोस्टल या दुसऱ्या संचालकांकडून डिजिटल पद्धतीनं नव्यानं वाजवून घेतलं. आवाज लख्ख झाला. पण विचार करा, आधीच काढून ठेवलेल्या चित्रांच्या मागे ऑर्केस्ट्राला धावायचं! स्टोकोव्स्की एखाद्या सुरावर रेंगाळले असतील तर कोस्टलना तिथे रेंगाळावंच लागणार, स्वतःला वाटो न वाटो. १९९० मध्ये पन्नासाव्या वर्षी स्टोकोव्स्कींचंच मुद्रण साफ करून परत आणलं, आणि १९९१ ची कॅसेट त्याच आवाजाची आहे. मग २००० च्या डीव्हीडीत सूत्रधार डीम्स टेलर यांचे पूर्वी कापलेले भाग परत जोडले. त्या भागांचा मूळ आवाज वापरण्याजोगा उरला नव्हता, म्हणून त्यांचं सगळंच बोलणं कोरी बर्टन यांच्याकडून नव्यानं बोलून घेतलं. सगळंच का, तर अर्धं एका आवाजात आणि अर्धं दुसऱ्या आवाजात चालत नाही. मिक्सरच्या खुर्चीत बसून मला तो निर्णय समजतो. श्रोता म्हणून १९९१ च्या कॅसेटवरचा खरा माणूस मला हवासा वाटतो.

माझ्या हातूनही असं एकदा झालं आहे. काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या एका परदेशी चित्रपटाचं हिंदी डबिंग माझ्याकडे होतं. त्यात आई बाळाला निजवताना शब्दाविना गुणगुणते. एम अँड ई आलं, लावलं, तर गुणगुणणं नाही. नुसता पाळण्याचा करकर आवाज. पाठवणाऱ्यांच्या लेखी तोंडातून निघालेलं सगळं संवादात मोडतं, म्हणून संवादाबरोबर तेही वजा झालं होतं. परत मागवायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत जायची होती. आईचा आवाज देणाऱ्या बाई अजून स्टुडिओत होत्या. मूळ मिक्स कानात लावून त्यांनी दोनदा गुणगुणून दिलं. दुसरं छान आलं. तेच गेलं. सूर जवळपास तोच, पण शेवटी त्यांनी एक हलकी मुरकी घेतली, जी मुळात नाही. आज हिंदीत तो चित्रपट पाहिलेल्या मुलांसाठी ती मुरकी हीच खरी अंगाई आहे. उद्या कुणी मूळ एम अँड ई नीट मिळवून नवी आवृत्ती काढली तर ती जाईल, आणि कुणीतरी तुमच्यासारखंच विचारेल की माझी आठवण चुकतेय का. त्या मुलाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण डिस्कच्या खोक्यावर ते कुठेच छापलेलं नाही.

आपल्या जवळचं उदाहरण ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’. युगो साको आणि राम मोहन यांचा, वनराज भाटियांच्या संगीताचा. त्याच्या मूळ इंग्रजी आवृत्तीत संवाद इंग्रजी आणि गाणी चक्क संस्कृत, लिहिणारे वसंत देव, म्हणजे ‘उत्सव’चे गीतकार. हिंदी आवृत्तीची गाणी पी. के. मिश्रा यांची. दोन घरांतली दोन मुलं एकच चित्रपट पाहून वेगळी गाणी गुणगुणणार, आणि दोघंही बरोबर.

आता सूर उतरल्याचं. इथे बहुतेक कुणी काही बदललेलं नाही, इथे गणित आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पॅल, सेकंदाला २५ ची. पॅल व्हीसीडी आणि डीव्हीडी काढताना सर्रास २४ चा चित्रपट २५ नं पळवत. चित्र सुमारे ४ टक्के वेगानं पळतं ते डोळ्याला कळत नाही, पण आवाजही तितकाच पळतो आणि सूर वर चढतो. किती? पेटीवर पांढरी एक धरा. व्हीसीडीवर तोच सूर काळी एकच्या अलीकडे येतो, पण पुरता पोचत नाही, अर्ध्या सुराच्या सत्तर टक्क्यांवर अडतो. म्हणून पेटीवर जुळवायला गेलात तर दोन्ही पट्ट्या बेसूर लागतात. ब्लू-रे २४ नंच चालतो, त्यामुळे तिथे गाणं मूळ सुरात येतं, आणि लहानपणापासून चढा सूर ऐकलेल्या कानाला ते उतरलेलं वाटतं. पडताळा सोपा आहे: चित्रपटाची लांबी बघा. १०३ मिनिटांचा चित्रपट पॅलवर ९९ मिनिटांच्या आसपास संपतो. काही डिस्कवर सूर दुरुस्त केलेला असतो, तेव्हा लांबी कमी पण सूर बरोबर, असंही दिसेल. मामांची अमेरिकन डिस्क मात्र एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीची आहे, तिथे हा प्रकार नाही.

लेकीला काय दाखवावं हे तिच्या वयावर आहे. वाचता येत नसेल तर नव्या डिस्कचा इंग्रजी ट्रॅक लावा: गाणी मूळ, शेवट मूळ. उपशीर्षकं वाचू लागली की जपानी. पुढे कधी डिस्क मागवाल तर आधी प्रदेश तपासा, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. अमेरिकन ब्लू-रे प्रदेश ए चे असतात आणि भारत सी मध्ये येतो. डीव्हीडीत अमेरिका १ आणि आपण ५. आणि विकणाऱ्याला ‘रिमास्टर्ड आहे का’ असं विचारून काही कळत नाही, ते चित्राबद्दल असतं. शेवटच्या श्रेयनामावलीत गाणी कुणाची लिहिली आहेत त्याचा फोटो मागा, आणि कुठल्या भाषेच्या ट्रॅकवर ते विचारा. नेटफ्लिक्सवर २०२० पासून हे चित्रपट आपल्याकडे आहेत, तिथेही हीच तपासणी लागू: रेडिओ लागतो तो प्रसंग काढा आणि भाषा बदलत जा.

जुन्या डिस्कची एक प्रत आजच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा, दोन्ही ट्रॅकसकट. १९९८ चं ते इंग्रजी मिश्रण नव्या डिस्कवर येत नाही, आणि डीव्हीडीचा थर कडेनं उडायला लागला की मधली मिनिटं अडकतात. खोक्याच्या आत कागदावर लिहून ठेवा: ‘इंग्रजीत १९९८ ची गाणी, जपानीत मूळ.’ आणि उतरवून झाल्यावर रेडिओचा प्रसंग दोन्ही भाषांत वाजवून बघा. उतरवणारी सॉफ्टवेअर पुष्कळदा एकच ट्रॅक घेतात आणि दुसरा गेल्याचं सांगत नाहीत.